मेकॅनिकचा चहा

अण्णा,

रविवारची दुपार आहे, तीन वाजत आलेत, आणि माझ्या टीव्हीसमोरच्या स्टुलावर दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक आहे कंपनीची काळी काडी, बोटभर लांब. ती टीव्हीच्या मागच्या खाचेत खुपसायची, घरातल्या इंटरनेटला जोडायची, की म्हणाल ते पडद्यावर. कुरिअरनं आली त्याला तीन आठवडे झाले, पण खोक्याचं सील मी अजून फोडलेलं नाही. दुसरी वस्तू म्हणजे डबा. डबा म्हणजे खरोखरच डबा, तुमच्या नातवाचा चौथीतला, शाळेत पोळीभाजी न्यायचा निळा प्लास्टिकचा डबा. त्यात त्यानं एटीएमच्या कार्डाएवढा एक कॉम्प्युटरचा बोर्ड बसवलाय आणि आत हवा खेळावी म्हणून झाकणाला तापलेल्या दाभणानं भोकं पाडली आहेत. दोन्हींचं काम एकच. काडी कारखान्यात बनली आणि डबा माझ्या लेकानं स्वतःच्या हातानं जोडला, एवढाच फरक. पुढच्या महिन्यात तो पुण्याहून बंगळूरला जातोय, नवी नोकरी आहे. तिकडून डब्याची उस्तवार व्हायची नाही म्हणून त्यानं काडी पाठवली. म्हणाला, आई, काय ठेवायचं ते तू ठरव, पण माझं ऐकशील तर काडी लाव, ती बिघडत नाही. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं उलटून गेली आणि मी हे तुम्हाला का सांगत बसले आहे, माझं मलाच कळत नाही. पण या घरात टीव्हीचं काही ठरवायची वेळ आली की पहिले तुम्हीच आठवता, आणि आठवलात की मला लाज वाटते.

तुमच्या हाताखालून गेलेलं आता काही उरलेलं नाही. अँटेना नाही, पिक्चर ट्यूब नाही. टीव्ही आता कॅलेंडरसारखा भिंतीला टांगतात. तुम्ही त्याला मागून उघडायला गेला असतात तर त्याला मागची बाजूच नाही म्हणून वैतागला असतात. शेजारच्या काकूंकडे अशीच काडी आहे. त्या रिमोट तोंडाशी धरून हवं ते मागतात, नवऱ्याशी दिवसभरात तेवढं बोलत नसतील. मला रोज सांगतात, घ्या लावून, लई सोपं हाय, डोक्याला ताप न्हाई. खोटं नाही ते. पण काडीत आपलं स्वतःचं काही नसतं. इंटरनेट गेलं की ती मुकी होते, आणि असलं तरी ती दाखवते ते सगळं दुसऱ्यांचं. डब्याला एक हार्ड डिस्क जोडलेली आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. तिच्यात यांचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ आहेत, कीर्तनं आहेत, लेकाचं शाळेतलं गॅदरिंग आहे. माझ्या लग्नाची कॅसेटही त्यानं लातूरच्या एका दुकानातून उतरवून आणून त्यात घातली. तुम्हीही आहात तिच्यात, दोनदा. एकदा अक्षता टाकताना गर्दीत. आणि एकदा रुखवताच्या मागे, कंपनीच्या टीव्हीची काच खांद्यावरच्या उपरण्यानं पुसताना. कॅमेरा तुमच्यावर आलाय हे तुमच्या लक्षात आलेलं नाही.

परळीचं आपलं घर म्हणजे पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर आणि मधे एक पडदा. थर्मलच्या वीजकेंद्राची राख गावावर पडायची तशी लोकांच्या टीव्हीतही शिरायची. सेट उघडला की तुम्ही आधी रंगकामाचा ब्रश घेऊन राख झाडत बसायचात. पुष्कळ सेट नुसत्या झाडण्यानंच चालू व्हायचे, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला तसं सरळ सांगून टाकायचात की बिघाड काही नव्हता, राख होती. आई चिडायची. म्हणायची, एखादा पार्ट बदलला म्हणून सांगावं माणसानं. तुम्ही हसून सोडून द्यायचात. हैदराबादच्या गाडीनं किट यायचं, सुतार लाकडाचं कॅबिनेट करून द्यायचा, आणि तुम्ही महिनाभर खपून अख्खा टीव्ही जोडायचात. ज्यांना कंपनीचा झेपत नसे ते तुमचा नेत. चित्र चांगलं असायचं, आवाज तर कंपनीपेक्षा चांगला. फक्त त्याच्यावर नाव नसायचं. नावाची पट्टी बसवायच्या जागी दोन बारीक भोकं असायची, तेवढीच. असा सेट वर्षातून दोन-तीनदा रुसायचा, मग तुम्ही पिशवी सायकलला अडकवून त्या घरी जायचात. तुमचा एक नियम होता, तो तुम्ही सगळ्यांना ऐकवायचात. ‘गिऱ्हाइकाच्या घरचा च्या नाकारायचा न्हाई. च्या पिला म्हंजी आपुन त्या घरचे झालो.’ दिवसाला पाच-पाच घरचा चहा व्हायचा, आणि जेवायला बसलात की भूक नसायची. आई ताट वाढून ठेवायची आणि पडद्याकडे बघत बसायची.

तुम्ही माझ्यावर हात उगारलात तो एकदाच. आठवीत होते. बंद करून उघडून ठेवलेल्या एका सेटमध्ये मी हात घातला, आणि तुम्ही माझ्या मनगटावर असा फटका दिलात की दोन दिवस वळ राहिला. ‘बंद हाय म्हणून मेला समजू नको. आत करंट धरून बसतो त्यो.’ मग संध्याकाळी स्वतःच बोलावून घेतलंत आणि पिक्चर ट्यूबमधला करंट कसा उतरवायचा ते दाखवलंत. त्यानंतर शिकवतच गेलात. इतर मुली पाढे म्हणत तसं मी बिघाड म्हणायची. चित्र आहे आणि आवाज नाही, काय गेलं? पडदा अंधारा आणि आवाज आहे, काय गेलं? काळ्या पडद्यावर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ, काय गेलं? मी म्हणायची, व्हर्टिकल. तुम्ही मान डोलवायचात. कुणी गिऱ्हाईक उभं असेल तर त्याच्यासमोर मुद्दाम विचारायचात.

आणि तीच मी, लग्न ठरल्यावर, मागच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय. सासर अंबाजोगाईचं, एसटीनं तासाभराचा रस्ता. तुम्ही तीन महिन्यांपासून माझ्यासाठी एक रंगीत सेट जोडताय, तुमचा पहिला रंगीत. सागवानी कॅबिनेट, त्याला पॉलिश. पडद्यापलीकडून सोल्डरचा वास येतोय. मी आईला म्हणते, आणि हळू म्हणत नाही, ‘तिथं मांडवात समदे नाव वाचत्यात. कपाटाचं, कूलरचं, टीव्हीचं. आपल्या सेटावर काय वाचतील, दोन भोकं?’ आई पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे बघते. पलीकडून येणारा सोल्डरचा धूर थांबतो. तुम्ही आत आला नाहीत. दुसऱ्या दिवशी लातूरला गेलात आणि कंपनीचा सेट घेऊन आलात, मोठ्या अक्षरातल्या नावाचा. आईला एवढंच म्हणालात की तिचं बराबर हाय, सासर हाय ते. तुमचा रंगीत सेट मग दुकानातच राहिला. मॅच असली की रस्त्यावरची माणसं त्याच्यासमोर उभी राहायची.

आपल्याकडं लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. तेव्हाही बऱ्याच घरांनी हे सोडून दिलं होतं, तुम्ही मात्र सोडलं नाही. त्यात काम नसताना सोयऱ्याच्या दारात जायचं नाही, हे तुमचं आणखी एक वरचं. मला लेकरू लवकर झालं नाही. दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, एकदा तुम्ही आलात. म्हणालात, इकडं एका गिऱ्हाइकाकडं आलो होतो. अंबाजोगाईत तुमचं गिऱ्हाईक कुठलं, हे मी तेव्हा विचारलं नाही. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तुम्ही हात आडवा केलात, आत्ताच पिऊन आलो म्हणालात. दुपारी एकचं ऊन, बसस्टँडपासून चालत आलेले तुम्ही, सदरा पाठीला चिकटलेला. खुर्चीच्या कडेवर बसलात आणि टीव्हीकडे बघत राहिलात. मग पिशवीतून पेचकस काढलात. म्हणालात, आलोच हाय तर मागून उघडून बघतो, धूळ असंल. मी पटकन म्हणाले, उघडू नका अण्णा, कंपनीचा आहे, वॉरंटी जाईल. ते बोलताना माझा सूर कसा होता हे मला अजून ऐकू येतं. तुम्ही पेचकस पिशवीत ठेवलात. बराबर हाय म्हणालात, दोन्ही वेळा तेच. घोटभर पाणी न पिता त्या उन्हातून परत गेलात. त्यानंतर आपली भेट व्हायची ती मी सणाला परळीला आले की. तुम्ही दर वेळी एकच गोष्ट विचारायचात, टीव्ही कसा चाललाय. मी म्हणायची, एकदम चांगला. सहाव्या वर्षी तुम्ही दुकानातच, खुर्चीवर बसल्या बसल्या गेलात. तुमचा नातू आठव्या वर्षी झाला.

त्याच्या बाळंतपणाला मी परळीला होते. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. बोलता बोलता, जशी बाजारभावाची गोष्ट सांगावी तशी, म्हणाली, ‘तुजा टीव्ही जोडताना ते काय म्हणायचे ठावं हाय का? म्हणायचे, घरचा सेट हाय, वरसातून दोनदा तरी बिगडंल. मेकॅनिक म्हणून गेलं तर लेकीच्या घरचा च्या चालतंय. मेकॅनिकला कोण काय म्हणतंय?’ शेंगा फोडता फोडता ती हसलीही. म्हणाली, लई हिशेबी माणूस. मी लेकराला घेऊन आत गेले आणि खूप वेळ बाहेर आले नाही. पण खरं सांगते, तेव्हा मला फक्त वाईट वाटलं. बिघडणाऱ्या वस्तूत माणूस काय ठेवतो, हे समजायला मला माझ्या लेकाचा डबा बिघडावा लागला.

हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील. लेक तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. सुट्टीत घरी आला तर मी टीव्ही लावायची आणि बघायचीच नाही, नुसता आवाज चालू ठेवायची. त्यानं ते पाहिलं. पुढच्या वेळी येताना तो बोर्ड घेऊन आला, माळ्यावरून स्वतःचा जुना डबा काढला आणि दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून बसला. मान खाली, जीभ दातांत धरलेली. तुम्ही अगदी तशीच जीभ धरायचात. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर हे दिसले, अंगणात कढीपत्त्याला पाणी घालताना, मला मोबाइल नीट धर म्हणून ओरडताना. मी तो आवाज ऐकून स्वयंपाकघरात जाऊन रडले. तो बाहेरून विचारत होता, आई, आवाज बरोबर येतोय ना?

पहिल्यांदा डबा बिघडला तो खराच बिघडला. लाइट जाऊन आली आणि पडद्यावर काही येईना. मी फोन केला, त्यानं फोनवर तासभर प्रयत्न केले आणि शनिवारी सकाळी पुण्याच्या गाडीनं तो दारात. मेमरी कार्ड खराब झालं होतं, ते बदललं. पण त्याआधी तो जेवला, झोपला, मी केलेले धपाटे दह्याबरोबर उभ्या उभ्या खाल्ले, यांच्या कपाटातून जुना स्वेटर काढून घातला. दोन दिवस घरात माणूस होतं. दुसऱ्यांदाही बिघाड खराच होता. त्यानंतर नोकरी लागली, कामं वाढली, फोन आले तरी दोन मिनिटांचे. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. मी ग्रंथालयातल्या नोकरीवरून साडेपाचला घरी येते, कुलूप काढते, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसतं. एका रविवारी मी डब्याचं झाकण उघडलं आणि कडेचं कार्ड नखानं थोडं बाहेर ओढलं. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढं. मग लेकाला फोन केला की बिघडला बाई पुन्हा.

पाऊण तास बोलला, अण्णा. लाल दिवा आहे का, हिरवा लुकलुकतोय का, वायर हलवून बघ, आता बंद करून चालू कर. मी सगळं हळूहळू करत होते, मुद्दाम चष्मा शोधत होते. मधे मधे तो इतरही बोलायचा, खोलीवरचा स्वयंपाक, साहेब, पाठदुखी. पाऊण तासानं मी कार्ड आत ढकललं आणि म्हणाले, अरे, लागलं की. तो खूश झाला. असं मी पाच वेळा केलं. दोनदा तो स्वतः आला, तेव्हा तो दारात यायच्या आधी मी कार्ड पुन्हा आत ढकलून ठेवलेलं असायचं. मेकॅनिकच्या मुलीला कुठं काय सैल करायचं ते शिकवावं लागत नाही. तुम्ही त्या मे महिन्यात माझ्या दारात आलात तेव्हा पिशवीत पेचकस होता. तुम्ही जबरदस्तीनं सेट उघडला असतात, तर एक तार सैल करून ठेवायला तुम्हाला कितीसा वेळ लागला असता? आणि माझी खात्री आहे की उघडला असतात तरी तुम्ही राख झाडून तो होता तसाच बंद केला असतात. तुमच्या हातून ते झालं नसतं, माझ्या हातून पाच वेळा झालं.

त्याचं काय झालं, ते मला फार उशिरा दिसलं. लेकानं तीन कार्डं बदलली. अ‍ॅडॉप्टर बदलला, छोटा पंखा आणून बसवला, लाइट गेल्यावर आतलं लिहिलेलं पुसलं जाऊ नये म्हणून कसले कसले बदल केले. एक वही केली, त्यात तारीख आणि बिघाड लिहून ठेवायचा. पुण्यात तसाच दुसरा डबा करून त्याची लाइट मुद्दाम वीस वेळा घालवून बघितली, तो एकदाही बिघडला नाही. शेवटी काडी पाठवली, आणि ती आली त्या दिवशी फोनवर म्हणाला, ‘माझंच काहीतरी चुकतंय आई. मला नीट बनवता आलं नाही तुझ्यासाठी. आता हे कंपनीचं लाव, ते तरी फसवणार नाही.’ मी हूं म्हणाले. फोन ठेवला आणि मला तो पडदा आठवला, आणि त्याच्यापलीकडं थांबलेला सोल्डरचा धूर. दोन माणसांनी माझ्यासाठी हातानं काहीतरी जोडलं, आणि दोघांनाही मी त्यांचे हात कमी आहेत असं वाटायला लावलं.

आठवडाभर मी काडीकडं बघत होते. लावली असती तर सगळं मिटलं असतं. डबा माळ्यावर गेला असता, लेक मोकळ्या मनानं बंगळूरला गेला असता आणि माझं कुणाला काही कळलं नसतं. त्याच्या मनात मात्र कायमचं राहिलं असतं की आईसाठी एक वस्तू केली ती धड चालली नाही. ते मला सोसेना. पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी मी त्याला फोन केला. उगाच लांबण लावली नाही.

‘डबा बिघडत नव्हता रे. मी कार्ड वढून ठेवायची.’

तो म्हणाला, ‘कावून?’

पुण्यात पाच-सहा वर्षं राहून त्याची बोली पार बदलली आहे, पण तेवढा एक शब्द घरचा निघाला. मी सांगितलं की तू बोलावंस म्हणून, यावंस म्हणून. मग मला वाटलं तो हसेल, किंवा म्हणेल की नुसतं ये म्हणायचं होतंस. तो म्हणाला, कार्डाची खाच वाकली नाही ना? मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, मी चार महिने स्वतःला शिव्या घालत होतो, आई. आणि मीटिंग आहे म्हणून त्यानं फोन ठेवला. रविवारी दुपारी कसली मीटिंग? मागच्या रविवारी त्याचा फोन आला नाही. रोज मेसेज येतो, गोळी घेतलीस का, मी घेतली म्हणून कळवते. आजचा रविवारही आता कलला. रागावला असेल तर त्याचा राग खरा आहे, मी त्याला काही म्हणणार नाही.

आज जेवण झाल्यावर मी ठरवून टाकलं. काडीचं खोकं सीलसकट शेजारच्या काकूंच्या मुलीसाठी ठेवलंय, ती होस्टेलला जातेय. लेकाला तसं कळवलंही. मग डबा उघडला. तुमचा तो रंगकामाचा ब्रश आईनंतर मीच आणला होता, देवघराच्या खणात असतो. त्यानं आतली धूळ झाडली, पंखा झाडला, कार्ड नखानं नीट आत बसवलं आणि झाकण लावलं. लेकाची वहीही वाचली. त्यानं प्रत्येक बिघाडाला काय करायचं ते इतकं नीट लिहून ठेवलंय की कार्ड नव्यानं भरायचंसुद्धा मला जमेल, एकदा करून पाहिलं, जमलं. म्हणजे आता हा डबा खरोखर बिघडला तरी मी कुणाला फोन करणार नाही. त्याला इथं यायला काही कारण उरलं नाही, अण्णा. आला तर कारण नसताना येईल, नाही आला तर नाही. हे लिहिताना मला भीती वाटतेय, आणि ती कुणाला सांगावी असं या घरात कुणी नाही.

डबा चालू केला आणि लग्नाची कॅसेट लावली. तुम्ही काच पुसताय तिथं थांबवली. पडद्यावर तुम्ही आहात, हातात उपरण्याचं टोक, आणि काचेखाली कंपनीचं नाव. लेकाला फोनवर सगळं सांगून झालं, पण एक तुमच्या वाट्याचं होतं, ते त्याला सांगून उपयोग नव्हता.

तुम्ही दुकानात येईल त्याला सांगायचात की लेकीकडचा सेट एकदा उघडावा लागला न्हाई, कंपनी ती कंपनी. आईनं सांगितलं मला. ते खरं नव्हतं, अण्णा. तिसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, एका सकाळी मी टीव्ही लावला तर काळ्या पडद्यावर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ. हे म्हणाले, परळीला निरोप धाडू का, तुझे वडील तासाभरात येतील. मला बिघाड माहीत होता, तुम्ही पंधरा मिनिटांत काढला असतात. पण लग्नाआधी मी नावासाठी अडून बसले होते आणि त्या नावाचा सेट तीन वर्षांत बंद पडला, हे मला तुमच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. मी म्हणाले, नको, कंपनीच्या माणसाला बोलवा. तो लातूरहून दोन दिवसांनी आला. मागून उघडून त्यानं तोच, व्हर्टिकलचा पार्ट बदलला. दसऱ्याला मी परळीला आले तेव्हा तुम्ही विचारलंत, टीव्ही कसा चाललाय, आणि मी म्हणाले, एकदम चांगला.

त्या माणसाला मी आलं घालून चहा दिला होता. अर्धा कप अजून मिळेल का म्हणाला, तोही दिला.